शिपायाचे नाव दगडावर

पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन आटोपले की आपण घाईने वावराची वाट धरतो. फवारणी खोळंबलेली असते, निंदणाच्या बाया वाट पाहत असतात. तरी या वेळी पाच मिनिटे थांबा आणि गावातला शिलाफलक नीट वाचा. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘माझी माती माझा देश’ या मोहिमेत देशभर गावोगावी असे फलक लावण्यात आले. स्वातंत्र्यलढ्यात, सैन्यात किंवा पोलिसांत प्राण वेचलेल्या त्या त्या गावच्या माणसांची नावे त्यावर यावीत, अशी ती योजना. तुम्ही रिसोड-मालेगावकडचे असा की मानोरा-कारंज्याकडचे, आपल्या गावच्या फलकावर नावे आहेत का आणि ती बरोबर आहेत का, एवढे पाहा.

नावात एवढे काय, असे कोणी म्हणेल. त्याला बसऱ्याची हकिगत सांगा.

पहिल्या महायुद्धात हिंदी फौजा इराकात लढल्या. त्यांत मराठा पलटणीही होत्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणींचे जवान कुट गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडले. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आले, घोडी कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली आणि पुढे कैदेत कितीतरी शिपाई मेले. इराकच्या मोहिमेत पडलेल्या, पण कबरीचा ठावठिकाणा नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला मोठे स्मारक उभे राहिले. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले. हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले. हिंदी शिपायाचे मात्र नाही! पलटणीचे नाव लिहायचे आणि खाली मेलेल्यांचा आकडा टाकायचा. बाजारात पोती मोजावी तशी माणसे मोजली. असे नुसत्या आकड्यात गेलेले ३३ हजारांवर आहेत. युद्धातील कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेने या भेदभावाबद्दल २०२१ साली जाहीर माफी मागितली. तोवर त्या शिपायांची नातवंडेसुद्धा म्हातारी होऊन गेली होती.

आता याउलट चित्र पाहा. दिल्लीला इंडिया गेटजवळ २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय समर स्मारकाचे उद्घाटन झाले. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सैनिकांसाठी ते आहे. तिथे गोलाकार भिंतींत ग्रॅनाइटच्या शिळा बसवल्या आहेत. उद्घाटनाच्या वेळी त्यांवर २५,९४२ नावे होती. प्रत्येकाची शिळा वेगळी, आणि साध्या शिपायाचे नावही अधिकाऱ्याच्या नावासारखेच सोनेरी अक्षरांत. दिल्लीला कधी जाणे झालेच, तर लाल किल्ला राहिला तरी चालेल, पण इथे जाऊन या.

पण दिल्ली दूर आहे, आणि शिपायाची आई गावात असते. म्हणून गावचा दगड महत्त्वाचा. नाव राहिले असेल किंवा चुकले असेल, तर घरच्यांनी ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा. पूर्ण नाव, हुद्दा, पलटण आणि वीरमरणाचे वर्ष लिहावे. पेटीत जपून ठेवलेले सैन्याचे पत्र किंवा पेन्शनचे कागद काढून त्यांची नक्कल जोडावी. कागद सापडत नसतील, तर सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. त्या माणसाच्या पत्नीलाही विचारा. ती पलटणीचे नाव सहसा चुकायची नाही.

आणि सरपंचांना एक सांगा, अक्षरे रंगाने काढू नका, कोरून घ्या. रंग दोन पावसाळ्यांत धुऊन जातो. फलकाला पाठ लावून कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या असतील, तर त्या आधी हलवा. दोन ऑक्टोबरला ग्रामसभा असतेच. अर्ज त्याआधी पोचता करा आणि त्याची पोच घ्या.