स्वेदरोधके व दुर्गंधनाशके

घामाचे प्रमाण कमी करण्यासाठी त्वचेवर, विशेषतः काखेत, लावावयाच्या पदार्थांना स्वेदरोधके म्हणतात; तर अंगाला येणारा घामट दुर्गंध नाहीसा करण्यासाठी, कमी करण्यासाठी किंवा झाकण्यासाठी वापरावयाच्या पदार्थांना दुर्गंधनाशके म्हणतात. बाजारात ती अनुक्रमे अँटिपर्स्पिरंट व डिओडरंट या नावांनी मिळतात. बोलण्यात दोन्हींचा उल्लेख सरसकट ‘डिओ’ असा होत असला, तरी त्यांचे कार्य भिन्न आहे. स्वेदरोधक स्वेद ग्रंथींच्या नलिकांवर परिणाम करते, तर दुर्गंधनाशक त्वचेवरील सूक्ष्मजंतू व त्यांच्यामुळे निर्माण होणारी गंधद्रव्ये यांवर परिणाम करते. घाम आणि घामाचा दुर्गंध या दोन वेगळ्या गोष्टी असून हा भेद लक्षात न घेतल्यामुळे या प्रसाधनांविषयी अवास्तव अपेक्षा व अनाठायी भीती ही दोन्ही निर्माण झालेली आढळतात.

घाम व त्याचे कार्य : माणसाच्या त्वचेत स्वेद ग्रंथींचे दोन प्रमुख प्रकार आढळतात. एक्राइन ग्रंथींची संख्या सु. २० ते ४० लाख असून त्या जवळजवळ सर्व शरीरभर पसरलेल्या असतात. त्यांच्या स्रावात सु. ९९% पाणी आणि उरलेल्या भागात मुख्यतः सोडियम क्लोराइड, तसेच पोटॅशियम, लॅक्टिक अम्ल, यूरिया इ. पदार्थ असतात. शरीराचे तापमान वाढल्यास मेंदूतील अधोथॅलॅमस या भागाकडून अनुकंपी तंत्रिकांमार्फत या ग्रंथींना चेतना मिळते. एक लिटर घामाचे पूर्णपणे बाष्पीभवन झाल्यास सु. ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. विदर्भातील उन्हाळ्याप्रमाणे हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा अधिक असते तेव्हा शरीर थंड ठेवण्याचा बाष्पीभवन हाच एक प्रभावी मार्ग उरतो. मानसिक ताणामुळे तळहात, तळपाय व काखा यांना घाम येतो, तोही मुख्यतः याच ग्रंथींचा असतो.

दुसऱ्या प्रकारच्या म्हणजे ॲपोक्राइन ग्रंथी काखा, स्तनाग्रांभोवतीचा भाग व जननेंद्रियांचा परिसर येथेच आढळतात. त्या केशपुटकात (केसाच्या मुळाशी असलेल्या पिशवीसारख्या भागात) उघडतात आणि वयात येण्याच्या सुमारास हॉर्मोनांच्या प्रभावाने कार्यक्षम होतात. त्यांचा स्राव प्रमाणाने अल्प, किंचित दाट व प्रथिने आणि वसायुक्त असतो. लहान मुलांना पुष्कळ घाम येऊनही प्रौढांसारखा दुर्गंध येत नाही, याचे कारण हेच होय.

दुर्गंधाचा उगम : दोन्ही प्रकारच्या ग्रंथींचा ताजा स्राव जवळजवळ गंधहीन असतो. काखेतील उबदार व दमट जागेत वाढणारे सूक्ष्मजंतू ॲपोक्राइन स्रावातील गंधहीन संयुगांचे विघटन करतात व त्यातून बाष्पनशील गंधद्रव्ये मुक्त होतात. कॉरिनेबॅक्टिरियम वंशातील सूक्ष्मजंतू ग्लुटामिनाशी जोडलेली वसाम्ले आपल्या एंझाइमाने सुटी करतात. त्यांपैकी ३-मिथिल-२-हेक्झेनॉइक अम्लाला शेळीच्या अंगासारखा उग्र वास असतो. स्टॅफिलोकॉकस होमिनिस या सूक्ष्मजंतूच्या क्रियेने गंधकयुक्त थायोअल्कोहॉले निर्माण होतात व त्यांचा कांद्यासारखा वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. एक्राइन ग्रंथींचा घाम स्वतः दुर्गंध निर्माण करीत नसला, तरी ओलावा पुरवून तो या सूक्ष्मजंतूंच्या वाढीस मदत करतो.

दुर्गंधाचे प्रमाण अंशतः आनुवंशिक असते. एबीसीसी-११ या जीनच्या एका विशिष्ट प्रकाराच्या दोन्ही प्रती असलेल्या व्यक्तींच्या ॲपोक्राइन ग्रंथींतून ही पूर्वगामी संयुगे फारशी बाहेर पडत नाहीत व त्यांच्या काखेला दुर्गंध जवळजवळ येत नाही. अशा व्यक्तींच्या कानातील मळही कोरडा असतो. हा प्रकार कोरिया, चीन व जपान येथील लोकांत फार मोठ्या प्रमाणात आढळतो.

इतिहास : शरीर सुगंधित ठेवण्याची प्रथा प्राचीन आहे. भारतात चंदन, वाळा, उटणी व अत्तरे यांचा उपयोग पूर्वापार होत आला असून वराहमिहिर यांच्या बृहत्संहिता या सहाव्या शतकातील ग्रंथात गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. आधुनिक दुर्गंधनाशकांपैकी ‘मम’ हे जस्ताचे संयुग असलेले मलम १८८८ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे प्रचारात आले. ॲल्युमिनियम क्लोराइडयुक्त ‘एव्हरड्राय’ हे स्वेदरोधक १९०३ मध्ये निघाले. ॲल्युमिनियम क्लोराइडाच्या विद्रावाची अम्लता तीव्र असल्याने त्वचेची आग होई व कपडे विरत. पुढे कमी अम्लधर्मी ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट वापरात आल्यावर ही अडचण बरीच दूर झाली. १९५० नंतरच्या दशकात बॉलपेनाच्या तत्त्वावर आधारलेली, फिरत्या गोळीची कुपी प्रचारात आली व त्यानंतर दाबाखालील वायूच्या साहाय्याने फवारावयाचे डबे लोकप्रिय झाले. दुर्गंधनाशकांत वापरल्या जाणाऱ्या हेक्झॅक्लोरोफीन या जंतुनाशकाचा तंत्रिका तंत्रावर विषारी परिणाम होतो असे आढळल्याने अमेरिकेत १९७२ मध्ये त्यावर निर्बंध घालण्यात आले. फवाऱ्यातील झिर्कोनियमाचे कण फुप्फुसात जाऊन इजा होण्याच्या शक्यतेमुळे १९७७ मध्ये अशा फवाऱ्यांवर तेथे बंदी आली.

स्वेदरोधकांचे कार्य : सध्याच्या स्वेदरोधकांत ॲल्युमिनियम क्लोराइड, ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट आणि ॲल्युमिनियम व झिर्कोनियम यांची संयुक्त लवणे ही क्रियाशील द्रव्ये असतात. हे लवण घामात विरघळून नलिकेच्या तोंडातून आत शिरते. तेथे अम्लता कमी होताच त्याचे जलीय विच्छेदन होऊन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडाचा जेलीसारखा साका बनतो व घामातील प्रथिनांशी एकत्र होऊन त्याचे बूच तयार होते. त्यामुळे घामाचा मार्ग अडतो व नलिकेतील दाब वाढून स्राव मंदावतो. ग्रंथीला मिळणाऱ्या तंत्रिकीय चेतनेवर मात्र याचा परिणाम होत नाही. क्लोरोहायड्रेटाचे बूच त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत कोशिकांच्या थरात असते. चिकट फितीने हा थर उतरविल्यास घाम पुन्हा वाहू लागतो. ॲल्युमिनियम क्लोराइडाचे बूच अधिक खोलवर असते व म्हणून ते अधिक परिणामकारक ठरते. मृत कोशिका नैसर्गिक रीत्या झडतात तशी ही बुचेही निघून जातात. म्हणूनच स्वेदरोधक पुनःपुन्हा लावावे लागते.

स्वेदरोधकाने घाम पूर्णपणे थांबत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या निकषानुसार निम्म्या वा अधिक वापरणाऱ्यांत घामाचे प्रमाण किमान २०% कमी झाल्यास प्रसाधनाला स्वेदरोधक म्हणता येते. शरीराच्या कार्यात बदल घडवून आणत असल्यामुळे तेथे स्वेदरोधकांची गणना औषधांत व दुर्गंधनाशकांची सौंदर्यप्रसाधनांत होते. भारतात सौंदर्यप्रसाधनांचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार होते.

दुर्गंधनाशकांचे कार्य : दुर्गंधनाशके तीन प्रकारे कार्य करतात. एथिल अल्कोहॉलासारखी द्रव्ये सूक्ष्मजंतूंचा नाश करतात किंवा त्यांची वाढ रोखतात. एरंडेलापासून मिळणारे झिंक रिसिनोलिएट निर्माण झालेल्या गंधद्रव्यांना बांधून ठेवते, तर खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) गंधयुक्त अम्लांचे उदासिनीकरण करतो. सोड्याच्या क्षारतेमुळे काही व्यक्तींच्या त्वचेला मात्र खाज येते. तिसऱ्या प्रकारात सुगंधी द्रव्यांनी दुर्गंध केवळ झाकला जातो. ‘डिओ’ म्हणून विकले जाणारे अनेक फवारे म्हणजे अल्कोहॉल व सुगंध यांचे मिश्रण असून त्यांनी घाम कमी होत नाही.

तुरटी : पोटॅशियम व ॲल्युमिनियम यांचे हे दुहेरी सल्फेट स्तंभक (ऊतींचे आकुंचन घडवून आणणारे) व जंतुरोधक आहे. दाढीनंतर न्हाव्याने गालावर तुरटी फिरविण्याची पद्धत याच गुणांवर आधारलेली आहे. काखेत चोळल्यास तिने दुर्गंध कमी होतो. अलीकडे तुरटीचे स्फटिक ‘नैसर्गिक’, क्वचित ‘ॲल्युमिनियमरहित’ दुर्गंधनाशक म्हणून विकले जातात. यांपैकी दुसरे वर्णन चुकीचे आहे. कारण ॲल्युमिनियम हा तुरटीचा मूलभूत घटक होय.

शरीरावरील परिणाम : (१) त्वचा : आग होणे, खाज सुटणे व पुरळ येणे हे सर्वसामान्य दुष्परिणाम होत. नुकतेच केस काढलेल्या, ओरखडे असलेल्या किंवा ओल्या त्वचेवर ॲल्युमिनियमाची लवणे लावल्यास त्यांपासून हायड्रोक्लोरिक अम्ल तयार होऊन अधिक आग होते. सुगंधी द्रव्ये व परिरक्षके यांची ॲलर्जी काहींना असते.

(२) तापमान नियंत्रण : काखांचे क्षेत्रफळ एकूण त्वचेच्या मानाने अत्यल्प असल्याने तेथील घाम कमी झाल्याने शरीराच्या तापमान नियंत्रणात बाधा येत नाही. मात्र कडक उन्हाळ्यात सर्वांगाचा घाम रोखण्याचा प्रयत्न करणे अहितकारक ठरेल. उन्हाळ्यात येणारे घामोळे हाही स्वेदनलिका बंद झाल्याचाच परिणाम असतो.

(३) ‘विषारी द्रव्ये अडकणे’ व कर्करोग : घाम रोखल्याने शरीरातील विषारी द्रव्ये काखेतील लसीका ग्रंथींत साचून स्तनाचा कर्करोग होतो, असा समज प्रचलित आहे. शरीरातील त्याज्य पदार्थांचे उत्सर्जन मुख्यतः यकृत व मूत्रपिंडे करतात. स्वेद ग्रंथी त्वचेवर उघडतात व लसीका ग्रंथींशी त्यांचा संबंध नसतो. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत स्तनाचा कर्करोग झालेल्या ८१३ व न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना करण्यात आली. तीत या प्रसाधनांचा व रोगाचा संबंध आढळला नाही. स्तनांच्या क्ष-किरण तपासणीच्या दिवशी मात्र ही प्रसाधने लावू नयेत असे सांगितले जाते. याचे कारण वेगळे आहे : त्यांतील ॲल्युमिनियमाचे कण छायाचित्रात कॅल्शियमाच्या सूक्ष्म साठ्यांसारखे दिसून निदानात घोटाळा होऊ शकतो.

(४) ॲल्युमिनियमाचे शोषण : २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन व्यक्तींच्या काखेत किरणोत्सर्गी ॲल्युमिनियमयुक्त क्लोरोहायड्रेट लावण्यात आले, त्यातील केवळ सु. ०·०१२% ॲल्युमिनियम शरीरात शोषले गेले. त्यानंतर अधिक व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात हे प्रमाण याहूनही कमी आढळले. युरोपीय संघाच्या ग्राहक सुरक्षाविषयक वैज्ञानिक समितीने २०२० मध्ये ॲल्युमिनियमाचे प्रमाण फवाऱ्यांत १०·६०% पर्यंत व इतर प्रकारांत ६·२५% पर्यंत सुरक्षित ठरविले. ही प्रसाधने व अल्झायमर रोग यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या रुग्णांच्या शरीरातून ॲल्युमिनियम नीट बाहेर टाकले जात नाही; १९७० नंतरच्या दशकात कृत्रिम रक्तशोधनासाठी वापरलेल्या पाण्यातील ॲल्युमिनियमामुळे अशा काही रुग्णांना मेंदूचा गंभीर विकार झाला होता. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांनी वैद्याच्या सल्ल्याशिवाय स्वेदरोधक वापरू नये.

(५) फवारे : यांतील ब्यूटेन, प्रोपेन इ. प्रणोदक वायू ज्वालाग्राही असतात. फवारा त्वचेच्या अगदी जवळ धरून सतत मारल्यास अतिशीत वायूने इजा होते. नशेसाठी हे वायू हुंगल्याने हृदयाचे स्पंदन अनियमित होऊन आकस्मिक मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत पालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे.

योग्य वापर : स्वेदरोधक रात्री झोपण्यापूर्वी कोरड्या त्वचेवर लावणे अधिक परिणामकारक असते. त्या वेळी घाम कमी असल्याने लवण वाहून न जाता नलिकेत टिकते व सकाळच्या स्नानानंतरही परिणाम राहतो. ज्यांची अडचण केवळ दुर्गंधाची आहे, त्यांना नियमित साबणस्नान, धुतलेले सुती कपडे व आवश्यकतेनुसार दुर्गंधनाशक पुरेसे होते. घामाचे प्रमाण दैनंदिन व्यवहारात अडथळा येण्याइतके असल्यास त्याला अतिस्वेदन म्हणतात. त्यावर ॲल्युमिनियम क्लोराइडाचा तीव्र विद्राव, सौम्य विद्युत् प्रवाहाचा उपचार, बोट्युलिनम विषाची अंतःक्षेपणे इ. उपाय वैद्यकीय देखरेखीखाली करतात. घामाच्या प्रमाणात वा वासात एकाएकी बदल झाल्यास, तसेच झोपेत कपडे भिजण्याइतका घाम येत असल्यास ते एखाद्या रोगाचे लक्षण असू शकते. अशा वेळी प्रसाधन बदलण्यापेक्षा वैद्यकीय तपासणी करून घेणे इष्ट होय.