फरशीखालच्या निकामी तारा
बंगळूरच्या बेळ्ळंदूर तलावालगत, बाह्य वर्तुळमार्गावर, संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्यांची दाटी आहे. अशा कचेऱ्या ज्यांवर विसंबतात त्या डेटा सेंटरांत यंत्रे पुष्कळदा उंचावलेल्या फरशीवर उभी असतात. खालच्या पोकळीतून थंड हवा खेळविली जाते आणि ताराही तेथूनच नेतात. नवी तार आली तरी जुनी सहसा निघत नाही. याचे कारण आळसापेक्षा भीती हेच अधिक. शेकडो सारख्या तारांतील निकामी कोणती, हे डोळ्यांना कळत नाही.

परंतु हा साठा हवेची वाट अडवितो. शिवाय पीव्हीसीचे वेष्टन जळाल्यास हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत-संहितेत २००२ साली अशा हाती लागणाऱ्या निकामी तारा काढण्याचा नियम आला.

काढताना प्रथम तारेच्या एका टोकास ध्वनि-संकेत देऊन दुसरे टोक शोधतात. मग तार दोन्हीकडून सोडवून काही दिवस तशीच ठेवणे शहाणपणाचे. कोणाचे काम अडले नाही, तरच ती कापावी. शेजारची चालू तार ओढली जाऊ नये म्हणून तिचे लहान तुकडे करून काढतात. तिच्यात पुष्कळदा तांब्याचे धागे असतात. त्यांच्या लोभाने ती उघड्यावर जाळणे घातकच, आणि ज्या तलावाच्या पृष्ठभागाने २०१७ मध्ये पेट घेतला त्याच्या काठी तर विशेष. वेष्टन यंत्राने सोलता येते.