एक पुडी, एक लिटर पाणी

(आकाशवाणीवरील आरोग्यविषयक भाषणाचे संपादित रूप)

दिवाळी सरते, रात्रीचा गारठा वाढू लागतो आणि आमच्या दवाखान्यात एका ठरावीक तक्रारीची मुले येऊ लागतात. वय सहा महिने ते दोन वर्षे. आधी दोन-चार उलट्या, अंग थोडे कोमट, आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्यासारखे जुलाब. आई सांगते, ‘काल दुपारपर्यंत खेळत होता हो.’ आजी म्हणते, ‘दात येताहेत, दुसरं काही नाही.’ कुणी म्हणते दृष्ट लागली. कुटुंब मंठ्याकडचे असो, भोकरदनकडचे असो की जालना शहरातले, हकीकत बहुधा हीच असते.

आजीचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. दात येण्याच्या वयात मूल रांगते, हिरड्या शिवशिवतात म्हणून हाती येईल ते तोंडात घालते. दातांमुळे जुलाब होत नाहीत, पण दात येतात त्याच वयात जंतू पोटात जातात. हिवाळ्यातल्या या दुखण्याचा मोठा वाटा रोटा नावाच्या विषाणूचा. १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तो सापडला. गाडीच्या चाकासारखा दिसतो म्हणून हे नाव; लॅटिन भाषेत रोटा म्हणजे चाक. याखेरीज नोरोसारखे आणखीही विषाणू आहेत. घरात बसून कोणता विषाणू आहे हे ओळखता येत नाही, आणि ओळखण्याची गरजही नसते. त्यांना मारणारे औषध नाही. आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो ती औषधे विषाणूवर चालत नाहीत. दुखणे तीन दिवसांपासून आठवड्यापर्यंत राहते आणि आपल्या पावलांनी निघून जाते.

मग मुले दगावतात कशाने? पाणी गेल्याने. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगातून लिटरभर पाणी गेले, तर त्याच्या जिवाला धोका असतो. मोठ्या माणसाला एवढे पाणी गेल्याचे फारसे जाणवत नाही. मूल मात्र सकाळी रडत असते आणि संध्याकाळी रडण्याइतकेही त्राण त्याच्यात उरत नाही. विषाणूशी लढायचे काम बाळाचे शरीर करतेच. आपले काम गेलेले पाणी भरून काढायचे.

नेमके इथेच आपल्याकडे उलटे घडते. ‘पाणी पाजलं की तेवढंच बाहेर येतंय, म्हणून बंद केलं,’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची गणती नाही. ऐकायला ते पटण्यासारखे आहे. पण आतड्याच्या आतले अस्तर मखमलीसारखे असते. विषाणू त्या मखमलीचे शेंडे खुरटवतो, म्हणून नुसते पाणी शोषले जात नाही. तरीही एक वाट उघडी राहते. मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात एकत्र आली की ती जोडीने आत शिरतात आणि पाण्याला सोबत ओढून नेतात.

या वाटेची सर्वांत मोठी परीक्षा आपल्याच देशात झाली. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकी पसरली. बनगावच्या इस्पितळात डॉ. दिलीप महालनबीस काम करीत होते. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून मिसळला, ते पाणी पिंपांत भरले आणि ते पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवले. तशा साथीत शंभरात पंचवीस-तीस माणसे जात असत. तिथे हा आकडा चारच्या खाली आला. महालनबीस २०२२ साली वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्यांचे नाव आपल्या आयांना ठाऊक नाही. त्या पाण्याचे आजचे रूप मात्र आशाताईंच्या पिशवीत असते. ती पुडी म्हणजे ओआरएस.

आता माझी एक चूक सांगते. दवाखाना सुरू करून वर्षही झाले नव्हते. घनसावंगी तालुक्यातल्या एका खेड्यातून चौदा महिन्यांचा मुलगा आला. दुखणे साधे होते. मी दोन पुड्या दिल्या, ‘हे पाजत राहा’ म्हटले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा आले. मूल किरकिरत होते, वाटी दिसली की झडप घालत होते, आणि थोड्याच वेळात त्याला झटका आला. आईला विचारले, पुडी कशात घातली? ‘पेल्यात,’ ती म्हणाली. एका लिटरची अख्खी पुडी एका पेल्यात. ‘औषध पातळ केलं तर गुण कसा येईल, मॅडम?’

तिचे काय चुकले? पुडीवरची बारीक अक्षरे तिने वाचावीत अशी माझी अपेक्षा होती, आणि ती मी बोलूनही दाखवली नव्हती. रक्तात मीठ वाढले की मेंदूवर परिणाम होतो. ते मूल इस्पितळात आठवडाभर होते. वाचले. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर लिटरची रिकामी बाटली असते. पुडी दिली की आईने माझ्यासमोर ती भरायची, अख्खी पुडी घालायची आणि ढवळायची. बाहेर पेशंट खोळंबतात, कुरकुरतात. कुरकुरू देत.

तेव्हा पुडी घेताना आधी बघा, ती किती पाण्याची आहे. मोठी पुडी सुमारे एकवीस ग्रॅमची, एक लिटरसाठी. छोटी सव्वाचार ग्रॅमच्या आसपास असते, ती दोनशे मिलिलिटरसाठी, म्हणजे साधारण एका पेल्यासाठी. पाणी उकळून गार केलेले घ्या. पुडी अर्धी-अर्धी करून वापरू नका. वरून साखर घालू नका, दूध घालू नका, मिसळल्यावर उकळू नका. चोवीस तासांत उरले ते ओतून द्या. रात्री-अपरात्री पुडी नसेल, तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. सपाट म्हणजे बोट फिरवून शीग काढलेला. पण ही सोय सकाळपर्यंतची. उजाडले की पुडी आणायची.

पाजायचे कसे, हे पुडीवर लिहिलेले नसते. वाटी-चमच्याने पाजा, दुधाच्या बाटलीने नको. तहानलेले मूल बाटलीने गटागटा पिते आणि सगळे उलटून टाकते. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा, मग पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. दोन मिनिटांना एक लहान चमचा हे ऐकायला किरकोळ वाटते. पण तासाला तीस चमचे होतात, म्हणजे दीडशे मिलिलिटर. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पन्नास ते शंभर मिलिलिटर लागते, त्याहून मोठ्याला शंभर ते दोनशे. हिशेब जमतो. फक्त रात्रभर कोणीतरी जागे राहायला हवे. एकटी आई पहाटेपर्यंत गळून जाते. आजीने, बाबांनी दोन-दोन तास वाटून घ्यावेत. बापाचे काम रिक्षा आणण्यापुरते नसते. कॅलेंडरवर शौचाला एक रेघ आणि लघवीला एक टिंब काढत गेलात, तर डॉक्टरांना त्यातून पुष्कळ कळते.

अंगावरचे दूध कधीही बंद करू नका. सहा महिन्यांच्या आतले बाळ असेल तर ते अधिक वेळा पाजा आणि बाळाला डॉक्टरांना दाखवा. मोठ्या मुलाला मऊ भात, मुगाची खिचडी, पेज, ताजे ताक, केळे द्या. थोडे थोडे, त्याला हवे तेव्हा. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण झिजलेले अस्तर पुन्हा भरून यायला अन्नच लागते.

मोसंबीबद्दल मात्र वाईटपणा घ्यावा लागतो. जालन्याची मोसंबी आपला अभिमान, तिला भौगोलिक मानांकनही आहे, आणि आजाऱ्याला मोसंबीचा रस ही इथली रीतच. जुलाबात तो नको. त्यात साखर पुष्कळ आणि मीठ जवळजवळ नाही. अशी साखर उलट अंगातले पाणी आतड्यात ओढते. थंड पेये आणि खोक्यातले रस यांचेही तेच. काही गोड पेये तर नावात ‘ओआरएस’ लावून विकली जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असे नाव लावण्यास मनाई केली. औषधाच्या दुकानात पुडी मागा आणि तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहा.

ओआरएसच्या जोडीला झिंकची गोळी असते. सहा महिन्यांवरील मुलाला रोज वीस मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला दहा, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. ती चौदा दिवस द्यायची. जुलाब चौथ्या दिवशी थांबतात आणि गोळ्या फडताळात पडून राहतात, हे नेहमीचे. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब लागू नयेत म्हणून त्या पूर्ण करायच्या असतात. जुलाब ‘बांधणारी’ मोठ्या माणसांची गोळी मात्र लहान मुलाला कधीही देऊ नका. आतड्याची हालचालच थांबते, पोट फुगते.

‘एक बाटली लावून टाका’ हा आग्रहही रोजचा. चमच्याने पिणाऱ्या मुलाला सलाईनची सुई टोचून जास्त काही मिळत नाही. सलाईन लागते ते पिऊ न शकणाऱ्या मुलाला, आणि तेव्हा ते तातडीने लागते. डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, जीभ कोरडी, टाळू खाली बसली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते, सहा ते आठ तास लघवी नाही: यातले काही दिसले तर वाट पाहू नका. मूल सुस्त पडले, प्यायचेच थांबले, प्रत्येक घोट उलटतेय, शौचात रक्त किंवा उलटी हिरवी असेल, ताप खूप असेल, किंवा बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल, तर १०८ ला फोन करा आणि गाडीतही चमचा चालू ठेवा. टाळूवर तेल भरून ती वर येत नाही. ती खाली बसते ते आतले पाणी कमी झाल्यामुळे.

राहिला घरातला संसर्ग. ज्यांनी २०१२-१३ चा दुष्काळ इथे काढला, त्यांना ‘वारंवार हात धुवा’ हे सांगताना मलाच अवघडते. टँकरचे पाणी हंड्यांनी मोजून घेणाऱ्या घरात पाणी वाचवायचे कुठे आणि खर्चायचे कुठे, हे ठरवावे लागते. माझ्या मते तांब्याभर पाणी आणि साबण दोन वेळांसाठी राखून ठेवावा: बाळाची शी धुतल्यावर, आणि त्याला भरवण्याआधी. शी संडासात टाका, उकिरड्यावर किंवा नाल्यात नको. पिण्याच्या पाण्यात हात बुडू नये म्हणून लांब दांड्याचे ओगराळे ठेवा. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी उकळायलाच हवे. दारूयुक्त सॅनिटायझरवरही विसंबू नका, नोरोसारखे विषाणू त्याला फारसे दाद देत नाहीत.

रोटाची लस महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात मोफत मिळते: सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, तोंडावाटे. पहिला डोस राहून गेला असेल, तर बाळ वर्षाचे व्हायच्या आत विचारा. लस घेतलेल्या मुलालाही जुलाब होऊ शकतात, पण इस्पितळात नेण्याइतके गंभीर होण्याची शक्यता बरीच कमी होते. आणि मूल खेळायला लागले तरी त्याच्या शौचातून विषाणू आणखी काही दिवस पडत राहतो. तेव्हा मोरीतला तो साबण निदान पुढचा पंधरवडा तरी तिथेच असू द्या.