भाकरीवर वाढलेलं पिल्लू

आमच्या नायगावात कुत्र्याचं जेवण म्हणजे उरलेली ज्वारीची भाकरी आणि वर पळीभर दूध. लातूरच्या नणंदेनं कारवानी पिल्लू दिलं तेव्हा मीही तेच घालत गेले. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत पाहिलेली ती लांब पायांची, हरणासारखी कुत्री डोळ्यांपुढे होती ना! पण चौथ्या महिन्यात आमच्या राजाचे पुढचे पाय वाकले.

मग मी काय करावं? गोठ्यात म्हशीचं खनिज मिश्रण होतं, तेच चमचाभर घालू लागले. बी.ए. झालेली बाई मी, शाळेत शिकवते, पण पाकिटावरचं काही वाचलं नाही! जनावरांच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. चार-पाचशे किलोच्या जनावराचं माप ते!

100 ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम 30 मिलिग्रॅमसुद्धा नसतं, फॉस्फरस मात्र त्याच्या नऊ-दहा पट. नुसत्या मटणाचंही तसंच. कुत्र्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं. कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढतं. आणि जास्त झालं तर? मोठं कुत्रं नको ते बरंचसं बाहेर टाकतं, पिल्लाला ते जमत नाही. उंच जातींच्या पिल्लांची हाडं त्यानंही बिघडतात. म्हणजे मी दोन्हीकडून चुकले.

घरचा उपाय आहे, बरं का. अंड्याची टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळा, तव्यावर कोरडी करा आणि मिक्सरमधून अगदी पिठासारखी दळा. एका टरफलात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. घरचंच जेवण खाणाऱ्या वीस किलोच्या मोठ्या कुत्र्याला रोज सपाट अर्धा चमचा पूड साधारण पुरते. पिल्लाचं माप मात्र डॉक्टरांनाच वजन दाखवून ठरवा. विकतचं पूर्ण खाद्य देत असाल तर वरून काही घालू नका. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या कपच्या आतडी फाडतात.

कुत्री गाभण असताना तर आपल्या मनानं कॅल्शियम मुळीच देऊ नका. त्यानं उलट व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरण्याचा धोका वाढतो. पिल्लं अंगावर पीत असताना ती थरथरू लागली, धापा टाकू लागली, तर रात्र असली तरी डॉक्टर गाठा.

आमच्या घरात अंडी येत नाहीत. शाळेतून येताना आमलेटच्या गाड्यावरून मी टरफलं मागून आणते, पोरं हसतात. राजाचा डावा पाय अजून थोडा वाकडाच आहे, पण परवा सशामागे धुऱ्यापर्यंत पळाला.