लेखांक सातवा : प्रेषकाच्या रकान्यात आपलाच पत्ता

ई-मेलच्या माथ्यावर प्रेषक म्हणून जो पत्ता वाचकाला दिसतो, तो पत्र पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला असतो, आणि त्याचा खरेपणा पडताळण्याची कोणतीही सोय मूळ व्यवस्थेत नव्हती. त्यामुळे त्या जागी बँकेचा पत्ता लिहिणे जितके सोपे, तितकेच ज्याला पत्र पाठवायचे त्याचा स्वतःचा पत्ता लिहिणेही सोपे असते. २०१८ पासून जगभर पसरलेल्या खंडणीच्या पत्रांनी नेमका याचाच लाभ उठवला. ‘तुमचे खाते आमच्या ताब्यात आहे, आणि हे पत्र तुमच्याच खात्यावरून आले आहे हाच त्याचा पुरावा’, असा त्यांचा दावा असे. पुढे संगणकाच्या कॅमेऱ्यातून केलेल्या कथित चित्रीकरणाची धमकी आणि बिटकॉइनची मागणी येई. काही पत्रांत प्राप्तकर्त्याचा खरा, पण जुना पासवर्डही दिलेला असे. तो खाते फोडून नव्हे, तर पूर्वी फुटलेल्या माहितीच्या साठ्यांतून उचललेला असे. लिंक्डइनमधून २०१२ मध्ये चोरीला गेलेली सुमारे ११ कोटी ७० लाख खात्यांची माहिती २०१६ मध्ये विक्रीस आली होती, यावरून अशा साठ्यांच्या आकाराची कल्पना येते.

या ढिलाईचे मूळ ऑगस्ट १९८२ मध्ये सापडते. ई-मेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसा सोपवावा याचे नियम, म्हणजे ‘सिंपल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल’ अथवा एसएमटीपी, जोनाथन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडले, तर पत्राची अंतर्गत रचना डेव्हिड क्रॉकर यांनी आरएफसी ८२२ मध्ये निश्चित केली. या दोन दस्तऐवजांमुळे प्रत्येक ई-मेलला प्रेषकाचे दोन स्वतंत्र पत्ते मिळाले. पहिला पत्ता पाकिटावरचा : तो दोन सर्व्हर परस्परांशी बोलताना वापरतात आणि पत्र पोचले नाही तर ते त्याच पत्त्यावर परत जाते. दुसरा पत्ता पाकिटातील कागदावर लिहिलेला असतो, आणि वाचकाच्या पडद्यावर तोच उमटतो. हे दोन पत्ते एकच असावेत असा नियम नव्हता व आजही नाही, कारण चिटणिसाने अधिकाऱ्याच्या वतीने पत्र धाडावे किंवा परत येणारी पत्रे वेगळ्या खात्यात जमा व्हावीत, यासाठी ही मोकळीक उपयोगी होती. परस्परांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या जाळ्यासाठी हे नियम घडले होते. त्यांच्या कर्त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल.

दुरुस्ती आली ती तुकड्यातुकड्यांनी, आणि तिचा क्रम बोलका आहे. २००६ मध्ये नियमबद्ध झालेल्या एसपीएफ या पद्धतीत डोमेनचा, म्हणजे पत्त्यातील ‘ॲट’ चिन्हानंतरच्या नावाचा, मालक आपल्या वतीने पत्र पाठवण्यास कोणते सर्व्हर अधिकृत आहेत त्यांची यादी डीएनएस या इंटरनेटच्या सार्वजनिक नावनोंदणीत जाहीर करतो, आणि पत्र स्वीकारणारा सर्व्हर ती यादी पाहतो. परंतु ही तपासणी पाकिटावरच्या पत्त्याची होते. लबाडाने पाकिटावर स्वतःचे डोमेन आणि आतील कागदावर सावजाचा पत्ता लिहिला, तर एसपीएफची परीक्षा तो निर्वेध उत्तीर्ण होतो! २००७ मध्ये आलेल्या डीकिम पद्धतीत पाठवणारा सर्व्हर गुप्त किल्लीने पत्रावर अंकीय स्वाक्षरी करतो आणि तिची जोडकिल्ली डीएनएसमध्ये ठेवतो. त्यामुळे वाटेत मजकूर बदललेला नाही हे सिद्ध होते, मात्र स्वाक्षरी कोणत्याही डोमेनची चालते. वाचकाला जो पत्ता प्रत्यक्ष दिसतो त्याच्याशी या दोहोंपैकी एकाचा तरी मेळ बसलाच पाहिजे, अशी अट २०१२ मध्ये जाहीर झालेल्या डीमार्क या पद्धतीने प्रथम घातली. दिसणाऱ्या ओळीला राखणदार मिळायला तीस वर्षे लागली.

डीमार्कमध्येही निर्णय डोमेनच्या मालकावर सोपवलेला आहे : मेळ न बसणारे पत्र नाकारावे, बाजूला ठेवावे, की काहीच न करता केवळ अहवाल पाठवावा. अनेक संस्था या तिसऱ्या, निरुपद्रवी पर्यायावर वर्षानुवर्षे थांबून राहतात, कारण वेतनपत्रके किंवा जाहिराती त्यांच्या नावे पाठवणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांची खरी पत्रे अडकतील अशी त्यांना धास्ती असते. ती अगदीच निराधार नाही; तरीही अहवाल मागवून ते न वाचणे याला संरक्षण म्हणता येणार नाही. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांना तिन्ही पद्धती सक्तीच्या केल्या, हे म्हणूनच महत्त्वाचे पाऊल होय. गूगलने त्यासाठी दिवसाला ५,००० पत्रांची मर्यादा धरली.

स्वतःच्याच पत्त्यावरून आलेल्या पत्राचा निवाडा त्याच्या मूळ शीर्षभागात होतो. तेथे या तिन्ही तपासण्यांचे निकाल नोंदलेले असतात, आणि पत्र ज्या सर्व्हरांमधून आले त्यांच्या नोंदी खालून वर अशा क्रमाने वाचायच्या असतात. त्यांपैकी खालच्या नोंदी बनावट असू शकतात, विश्वास ठेवायचा तो स्वतःच्या सेवादात्याने केलेल्या नोंदीवर. खात्यात परक्या ठिकाणाहून प्रवेश झाल्याची खूण नसेल आणि तपासणीचा निकाल प्रतिकूल असेल, तर खाते फुटलेले नसून केवळ पत्ता वापरला गेला आहे, असे मानण्यास भक्कम आधार मिळतो. पासवर्ड बदलण्याचा सरसकट सल्ला अशा वेळी निरुपयोगी असतो, कारण पत्ता लिहायला पासवर्ड लागतच नाही. पत्रात दिलेला जुना पासवर्ड अजून कोठे वापरात असेल, तर मात्र तो तत्काळ बदलणे आवश्यक ठरते.

भारतीय कायद्याची यातील वाटचाल काहीशी विचित्र आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६-अ मध्ये, पत्राच्या उगमाविषयी प्राप्तकर्त्याची दिशाभूल करणारा ई-मेल पाठवणे हा स्पष्ट गुन्हा होता. २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, त्यानंतर उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधी ठरवून संपूर्ण रद्द केले, आणि त्या रास्त निकालात ही तरतूदही गेली. आता संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक करण्याविरुद्धचे कलम ६६-ड लागू पडते, आणि आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर करता येते.

डीमार्क अडवते ते हुबेहूब तेच डोमेन वापरणाऱ्याला. एका अक्षराच्या फरकाने नोंदवलेले दुसरे डोमेन मात्र तिन्ही परीक्षा प्रामाणिकपणे उत्तीर्ण होते, आणि मोबाइलच्या पडद्यावर पुष्कळदा पत्त्याऐवजी केवळ प्रेषकाचे नाव दिसत असल्याने तेवढा फरकही नजरेस पडत नाही. नावाच्या या सोंगाचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.