टाकाऊ रसायनांची कोठी

नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालीं स्थापन झालें. लातुरास त्याचें उपकेंद्र आहे. जेथें रसायनांवर संशोधन चालतें, तेथें टाकाऊ द्रव्यें सांठतातच. त्यांची कोठी तपासणाऱ्यानें बाटलीवरील नांवाइतकीच तारीखही पाहावी.

पिक्रिक आम्लाचेंच पाहा. एके काळीं रेशीम पिवळें रंगविणारा हा पदार्थ पुढें तोफगोळ्यांत भरला जाऊं लागला. १९१७ सालीं कॅनडांतील हॅलिफॅक्स शहर उद्ध्वस्त करणाऱ्या जहाजांत मुख्य माल हाच होता. प्रयोगशाळेंत तो पाण्यानें भिजवून ठेवितात, आणि ओला असेपर्यंत तो बराच गरीब असतो. परंतु मराठवाड्याचे आठ-दहा उन्हाळे बाटलीवरून गेले, पाणी उडालें, झांकणाच्या आट्यांत पिवळे खडे धरले, कीं झांकण फिरवितांना होणारें घर्षणही स्फोटास पुरे होतें. अशी बाटली हलवूं नये. खोली बंद करून स्फोटकतज्ज्ञांस बोलवावें. शिपायास 'जरा उघडून पाहा' असें सांगणें हा तर अपराधच होय.

ईथरचें दुखणें निराळें. तें ३५ अंशांच्या सुमारास उकळतें, आणि इकडे वैशाखांत पारा ४० च्या वर जातो. शिवाय हवा लागून त्यांत स्फोटक पेरॉक्साइडें तयार होतात. उघडल्याची तारीख ज्या बाटलीवर नाहीं, तिची गणना तपासनिसानें वाळलेल्या पिक्रिकच्याच पंक्तींत करावी.