शेत तिचं, फोन कुणाचा?

● सुरुवात : ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर. खातेदार स्वतःच मोबाइलवरून पीक नोंदवतो. नोंद सातबाऱ्यातल्या गाव नमुना १२ मध्ये चढते.

● पद्धत : शिरूर असो वा दौंड, गटात उभं राहून उसाचा किंवा कांद्याचा फोटो काढायचा. फोटोसोबत अक्षांश-रेखांशही जातात.

● सोय : एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद होते. स्मार्टफोन नसलेल्या शेतकरणीचं काम अडत नाही. मात्र फोन दुसऱ्याच्याच हातात राहतो.

● आधीची पायरी : नोंदीसाठी सातबाऱ्यावर तिचं नाव हवं. लक्ष्मीमुक्ती योजनेत पतीच्या हयातीतच पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं.

● ॲप बनवणाऱ्यांसाठी : चाचणीचा फोन आधी खुरपणाऱ्या बाईच्या हाती द्या. अडखळण्याच्या जागा तिथेच कळतात.